टॉपर घेण्याआधी गादीखाली डोकावा

नमस्कार काकू,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ४९, पतसंस्थेत नोकरी. ह्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. वय ५४, वजन ८८ किलो. गेले चार-पाच महिने सकाळी उठलं की ह्यांची कंबर धरलेली असते. भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जातात. चहा होईपर्यंत कंबर सैल होते, आणि पेढीवर गेले की दुखणं विसरूनही जातात. माझं वजन ५८. मी कुशीवर झोपते आणि सकाळी माझा उजवा खांदा अवघडलेला असतो.

गादी काथ्याची, साडेसहा बाय सहा, नऊ वर्षांपूर्वीची. मधे खोलगट झालीय. पलंग सुताराकडून करून घेतलेला, खाली सामानाचे कप्पे. मुलगा पुण्यात असतो. त्याने मोबाइलवर गादीवर अंथरायच्या मेमरी फोम टॉपरची लिंक पाठवलीय : चार इंच जाड, गार राहणारं जेल, नऊ हजार रुपये. सासूबाई म्हणतात, "गादीनंच माणूस मऊ पडतंय. खाली सतरंजी टाक, आठ दिवसांत कंबर जाग्यावर येतीय बघ." सासरे ८१ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्यासाठीही एक घेऊ, असं मुलाचं म्हणणं. दिवाळीनंतर मुलगी बाळंतपणाला येणार आहे, तेव्हा तिलाही उपयोगी पडेल असं मला वाटतं. घ्यावा का? घेतला तर कोणता? पैसे वाया जायला नकोत.

— एक वाचक, सांगली

ताई,

चार इंचांचा घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलं एका बोटाने ऑर्डर देऊन मोकळी होतात आणि ती परत पाठवायची वेळ आली की घरात आई एकटी असते. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात मला खटकला तो 'खोलगट' हा शब्द. टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा एक थर. गादीचा स्पर्श त्याने बदलतो, गादीचा आकार बदलत नाही. खड्ड्यावर सतरंजी टाकली की सतरंजीलाही खड्डा पडतो, टॉपरचं तेच. त्यात मेमरी फोम भलताच लवचिक, खालच्या खड्ड्याशी तो इमानेइतबारे जुळवून घेतो. नऊ हजार मोजून तुम्ही जरा मऊ खड्डा विकत घ्याल, एवढंच.

म्हणून आधी मोजा. रविवारी सकाळी गादीवरचं सगळं अंथरूण काढा. एकाने उशाकडे आणि एकाने पायथ्याशी सुतळी धरून ह्यांच्या बाजूला ती गादीवरून घट्ट ताणा. सगळ्यात खोल वाटेल तिथे नातवंडांची नाहीतर शेजाऱ्यांच्या पोरांची शाळेची पट्टी उभी धरा आणि सुतळीपासून गादीपर्यंतचं अंतर बघा. मग तुमच्या बाजूलाही तसंच. अर्धा-पाऊण इंच भरलं तर टॉपरवर निभावून जाईल. इंचाच्या पुढे गेलं तर टॉपरचा विषय तूर्त मिटला, खालची गादीच बदलायला हवी. मधल्यामध्ये असेल तर गादी उलटी करा, शिवाय उशाकडची बाजू पायथ्याला घ्या. नऊ वर्षांत हे एकदाही केलेलं नसणार, असं मी पैजेवर सांगते. जड गादी फिरवायला घरात दोन माणसं एका वेळी मोकळी कधी असतात?

गादी उचललीच आहे तर खालचं प्लायवूडही बघून घ्या. कप्प्यांच्या पलंगात सुतार कडेला आधार देतो, पण मधे मोकळं सोडतो, म्हणजे सामान बसतं. वर्षानुवर्षं वजन पडून आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने तो प्लाय मधे बसतो. वरून गादी खोलगट दिसते आणि बिचारी नाहक बदनाम होते. सुतळी प्लायलाही लावा. तो वाकला असेल तर सुताराला बोलावून मधे एक जाड आडवी पट्टी आणि तिच्याखाली पाय बसवून घ्या. नऊ हजारांतले फार थोडे त्यात जातील.

सासूबाईंचं म्हणणं इथे कामाला येतं, जरी त्यांच्या मनातलं कारण वेगळं असलं तरी. गादी पलंगावरून काढून सपाट फरशीवर टाका आणि चार रात्री तिथे झोपा. ह्यांची सकाळ सुधारली तर दोष पलंगाचा. काहीच फरक पडला नाही तर गादीचा, किंवा कंबरेचाच. आठवून बघा, लग्नाकार्याला परगावी जाता, कुणाकडे दुसऱ्या अंथरुणावर झोपता, तेव्हा सकाळी दुखतं का? तिथे दुखत नसेल आणि घरी आलं की पुन्हा सुरू होत असेल तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे.

पण कायमचं सतरंजीवर झोपायचा सल्ला मी मानणार नाही. त्या पिढीचं उठणं-बसणं जमिनीवरच होतं. चुलीपुढे, जात्यापुढे, शेतात खुरपताना. त्यांचे सांधे त्या सवयीचे. ८८ किलोच्या माणसाला ५४ व्या वर्षी रोज पहाटे फरशीवरून उठवायचं म्हणजे कंबर वाचवून गुडघे गमवायचे. जितकं कडक तितकं पाठीला चांगलं, हा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना काही कडक आणि काही मध्यम कडक गाद्या देऊन ९० दिवस पाहिलं गेलं. हा अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, अंथरुणात पडल्यावरचं आणि उठतानाचंही. तो अभ्यास गाद्यांचा होता, टॉपरचा नव्हता, हे टॉपर विकणारा तुम्हाला सांगणार नाही. पण सासूबाईंची सतरंजी आणि मुलाचा चार इंची ढग, या दोन्हींच्या मधे कुठेतरी तुम्हाला थांबायचंय, एवढं त्यातून निघतं.

दुकानाआधी डॉक्टर कधी गाठायचा, तेही लिहून ठेवते. कळ कंबरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखत असेल, ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सैल न पडता लांबत असेल तर आधी मिरजेला तपासून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

दिसतं ते दुसरंच. अडत म्हणजे पेढी, पेढी म्हणजे पांढरी चादर घातलेली गादी आणि मागे लोड. सौदे उरकले की दिवसभर त्यावर मांडी घालून, एका बाजूला कलून हिशेब. ती गादी किती वर्षांची आहे? तुम्ही पलंगाची मापं घेत बसाल आणि कंबर मोडणारी गादी मार्केट यार्डातच निघायची. तिथेही एकदा सुतळी न्या. नाहीच जमलं तर ह्यांना तासातून एकदा उठून गाळ्याच्या दारापर्यंत चक्कर मारायला तरी सांगा. उधारीवाला आला की उठतातच, तसं.

आता धरून चालू की प्लाय सपाट आहे, खड्डा पाऊण इंचाच्या आत आहे आणि गादी फक्त जास्त कडक लागतेय. मग टॉपर घेण्यात अर्थ आहे, आणि तुमच्या खांद्याला त्याचा ह्यांच्या कंबरेपेक्षा जास्त फायदा होईल. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं. कडक गादीत ते रुतत नाहीत, मग खांदा चेंगरतो आणि कंबर अधांतरी राहते.

मेमरी फोम म्हणजे काय, तर पुरणपोळीची कणीक. चांगली तिंबून, तेल लावून मुरवलेल्या कणकेत बोट दाबा आणि काढा. खड्डा लगेच भरत नाही, सावकाश वर येतो. साधा फोम रबरी चेंडूसारखा हाताला उलटा ढकलतो, हा ढकलत नाही, वजन पसरवून घेतो. १९६६ साली अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने तो विमानातल्या आसनांसाठी तयार केला. गादी म्हणून तो बाजारात यायला १९९१ उजाडलं, तेही स्वीडनमध्ये. त्यामुळे 'अंतराळ तंत्रज्ञान' असं जाहिरातीत वाचून हुरळून जाऊ नका. जन्म त्या घरचा, हे खरं, पण आज आपल्याकडे विकला जाणारा प्रत्येक तुकडा काही नासातून येत नाही.

या फोमला ऊब लागते. अंगाच्या उष्णतेने तो नरम पडतो, गारठ्यात ताठ होतो. डिसेंबरात पाठ टेकवाल तेव्हा आधी जरा निबर लागेल, मग पाच-दहा मिनिटांत मऊ होईल. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तो आधीपासूनच मऊ पडलेला असेल. हे ध्यानात ठेवायचं कारण असं, की शोरूममध्ये एसी असतो. तिथे अंगाला बेताचा वाटलेला फोम तुमच्या पंख्याखालच्या खोलीत जास्त रुतणार. म्हणून दुकानात दोन सारखेच बरे वाटले तर जरा कडक वाटतो तो निवडा. आणि बुडाने दाबून बघू नका. चपला काढून, घरी झोपता तसंच, दहा-पंधरा मिनिटं आडव्या व्हा. दुकानदार चहा मागवतो तेवढ्या वेळात होतं.

खरेदीत दोन आकडे बघायचे : जाडी आणि घनता. लोक जाडीला भुलतात. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, इतकं साधं आहे. दुकानदार '४० डेन्सिटी', '५० डेन्सिटी' म्हणतात ती हीच. तिचा मऊ-कडकपणाशी थेट संबंध नाही, तिचा संबंध टिकण्याशी. कमी घनतेचा फोम पहिल्या महिन्यात स्वर्ग वाटतो आणि वर्षा-दोन वर्षांत खुब्याखाली बसतो. मेमरी फोम ४० च्या खाली असेल तर माझ्या मते घेऊच नये. तुम्हाला ५० पुरे. ह्यांना ६० च्या आसपासचा मिळाला तर उत्तम.

लेबलावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण घरी वजनकाटा असतोच. टॉपरची लांबी, रुंदी, जाडी इंचात घेऊन गुणा, ६१,०२४ ने भागा, आणि आलेल्या उत्तराला घनतेने गुणा. साडेसहा फूट म्हणजे ७८ इंच, तीन फूट म्हणजे ३६, आणि जाडी २. असा एक टॉपर ५० घनतेचा असेल तर साधारण ४.६ किलो भरायला हवा, ६० चा असेल तर साडेपाच. खोळ काढून तोला. पावणेतीन किलोच भरला तर तुम्हाला ५० च्या नावाखाली ३० गळ्यात मारलाय. मी निवृत्त होईपर्यंत गृहविज्ञान शिकवलं, मुलींना कापडाचा धागा जाळून सुती की टेरिकॉट ओळखायला लावायचे. ही त्याच जातीची परीक्षा, फक्त यात काही जळत नाही.

खोळीची चेन उघडून कडेने आतही बघा. 'दोन इंच मेमरी फोम' म्हणून विकलेल्यात पुष्कळदा वर एकच इंच मेमरी आणि खाली साधा फोम असतो. ते वाईटच असतं असं नाही, पण मग पैसेही तसेच द्यायचे. रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला थर दिसला तर तो रीबॉन्डेड. तो गादीच्या तळाला चालतो, टॉपरमध्ये त्याचं काम नाही.

जाडीचं मात्र माझ्या अंगावरून गेलंय. तीन वर्षांपूर्वी पाठ धरली म्हणून मी हौसेने चार इंची टॉपर मागवला. कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्या रात्री काय वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या रात्री कूस बदलायला गेले तर अंगाखाली साचा तयार झालेला, त्यातून सुटायला आधी उठून बसायचं, मग वळायचं. पहाटे पाण्याला उठायचं म्हणजे हरिपूरच्या पेवातून, हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यातून, बाहेर निघाल्यासारखं. बाहेरून हात द्यायला माणूस हवा. सव्वा महिना रेटला. शेवटी कापून त्याची गॅलरीतल्या बाकड्याची गादी केली. मांजर खूश आहे.

एक इंचाने नुसता हाताला फरक कळतो. दोन इंच बहुतेकांना पुरतात. तीन इंच कुशीवर झोपणाऱ्या अंगाने भरलेल्या माणसाला, तेही घनता चांगली असेल तर. पालथं झोपणाऱ्याने टॉपरच्या फंदात पडू नये, त्याचं पोट रुततं आणि कंबरेची कमान होते. ह्यांचं वजन जास्त, पण ते उताणे झोपतात असं धरून मी दोनच इंच सांगते. घोरतात का हो? म्हणजे उताणेच. तुम्हालाही दोनच इंच, पण तुमचा जरा मऊ चालेल.

म्हणूनच माझा आग्रह आहे की साडेसहा बाय सहाचा अखंड टॉपर घेऊ नका. साडेसहा बाय तीनचे दोन घ्या. एकाला दाट, एकीला मऊ. मधे रेघ राहील, पण वरून एकच चादर ताणली की फारशी जाणवत नाही. आणि मुख्य म्हणजे साडेचार-पाच किलोचा एक तुकडा तुम्ही एकट्या उचलू शकता. अखंड टॉपर आठवड्याला हलवायला तुम्हाला पुण्याहून मुलगा बोलवावा लागेल.

बेताचा आहे की नाही हे कसं ओळखायचं? उताणं झोपून कंबरेच्या पोकळीखाली तळहात सरकवा. हात भसकन आरपार गेला तर अंथरूण कडक. हात शिरतच नसेल तर तुम्ही रुतलाय. जरा दाबून शिरला तर बरोबर. कुशीवर असाल तर ह्यांना मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे. यात उशीही येते. टॉपरमध्ये खांदा रुतला की डोकं खाली येतं, मग जुनी उशी अचानक उंच वाटते आणि मान दुखायला लागते. लोक टॉपरला दोष देतात. शेवरीची उशी असेल तर थोडी शेवरी काढून ती उतरवा.

आता सासूबाईंची वाकळ. टॉपर आला की त्यावर वाकळ किंवा जाड सतरंजी घालायची सूचना होणार, 'चांगली वस्तू मळायला नको' म्हणून. तेवढं होऊ देऊ नका. अंगाची ऊब फोमपर्यंत पोचली नाही आणि वरचं कापड ताठ राहिलं, तर तो मेमरी फोम आहे की भुशाचं पोतं, काही फरक राहत नाही. खोळसुद्धा ताणणाऱ्या विणीची हवी, जुन्या गाद्यांना घालायचो तशी जाड पट्ट्यापट्ट्यांची घट्ट शिवलेली नको. वर एकच धुवट सुती चादर. वाकळ पांघरायला ठेवा.

उकाड्याचं खरं सांगायचं तर मेमरी फोम गरम होतो. शरीर त्यात रुततं, भोवती हवा खेळत नाही. जेलचा गारवा आडवं झाल्यावर थोडा वेळ जाणवतो, मग जेलही अंगाइतकंच तापतं. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. त्यापेक्षा हवा खेळणारा, उघड्या छिद्रांचा फोम आहे का विचारा, आणि प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं जलरोधक कव्हर दोन्ही टॉपरांवर घालू नका. ह्यांना फारच घाम येत असेल तर नैसर्गिक लॅटेक्सचा टॉपर बघा. तो रबराच्या चिकापासून होतो, जास्त हवेशीर असतो, रुतवत नाही, उसळी देतो. महाग आणि वजनाला जड, पण उन्हाळ्यात सुखाचा.

पावसाळ्यात उलटं संकट. कृष्णा फुगली की आपल्या घरांच्या भिंती ओल धरतात, आणि छिद्र नसलेल्या प्लायवर गादी, तिच्यावर फोम, म्हणजे खाली बुरशीला निवांत जागा. प्लायला सुताराकडून बोटभर रुंदीची दहा-बारा भोकं पाडून घ्या. आठवड्यातून एकदा टॉपर भिंतीला उभा करून पंखा लावा. गच्चीवर उन्हात मात्र घालू नका. इथे आपली सवय आडवी येते. कापसाच्या गादीला ऊन म्हणजे औषध, वरून काठीने झोडपलं की ती फुगून येते. फोम उन्हाने पिवळा पडतो आणि हळूहळू भुगा होतो. झोडपायचा नाही, पाण्यात बुचकळायचा नाही. चहा सांडला तर ओल्या फडक्याने टिपून पंख्याखाली सुकवायचा. आमच्या लहानपणी पिंजारी अंगणात धनुकली घेऊन बसायचा, दिवसभर ट्यंव ट्यंव, नाकातोंडात कापूस, आणि संध्याकाळी दहा वर्षांची गादी कोरी होऊन जायची. फोमला असं दुसरं आयुष्य नाही. एकदा बसला की बसला.

सासऱ्यांसाठी टॉपर नको, मुलगा कितीही म्हणाला तरी. ८१ व्या वर्षी गुडघे दुखत असताना माणसाला उठायला खालून टेकू लागतो, आणि मेमरी फोम नेमका तोच काढून घेतो. त्यांना पलंगाच्या कडेला बसवून बघा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले आणि मांड्या साधारण सपाट राहिल्या, तर उंची बरोबर आहे. वर दोन इंच चढवलेत की पाय लटकतील, रात्री अंधारात उतरताना तोल जाईल. त्यांना पिंजून घेतलेली घट्ट कापसाची गादीच बरी. पुढेमागे कधी अंथरुणाला खिळायची वेळ आलीच, तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते. ती सर्जिकल दुकानात मिळते आणि डॉक्टरांना विचारून घ्यायची असते. टॉपर तिची जागा घेत नाही.

मुलीला तो चालेल, उलट शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपताना तिला बरंच वाटेल. तुमचाच तिला द्या, वेगळा कशाला. पण बाळाला त्यावर निजवायचं नाही. दुपारी पाच मिनिटंसुद्धा नाही, शेजारी आई असली तरी नाही. मऊ फोममध्ये तान्ह्याचं तोंड रुतलं तर त्याला मान वळवून सोडवता येत नाही, श्वास कोंडतो. बाळाला त्याचं वेगळं, सपाट, घट्ट अंथरूण, आणि उताणं निजवायचं. घरात आलेगेले लोक कौतुकाने 'इथंच टाका की लेकराला' म्हणतील, त्यांना मी सांगितलंय म्हणून सांगा. टॉपर तिच्यासाठीच घ्यायचा असेल तर ती यायच्या महिनाभर आधी घ्या. नवा फोम गुंडाळी सोडल्यावर रसायनांचा वास सोडतो. खोळ काढून, खिडक्या उघड्या ठेवून, चार-सहा दिवस मोकळ्या खोलीत राहू द्या. पूर्ण फुगायलाही एक-दोन दिवस लागतात, तोवर जाडी मोजून दुकानदाराशी भांडू नका.

ऑनलाइन घेणार असाल तर आधी एवढंच विचारा : आवडला नाही तर सांगलीच्या पत्त्यावरून न्यायला कोण येणार आणि खर्च कुणाचा? शंभर रात्रींची चाचणी देतो म्हणणाऱ्यांच्या अटी बारीक अक्षरात असतात, आणि हवा काढून गुंडाळलेला टॉपर घरी पुन्हा गुंडाळता येत नाही. गावातल्या गादीवाल्याकडे फोमचा ताव घनता सांगून मापाने कापून मिळतो का बघा. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गाळ्यावर जाऊन उभं राहता येतं, हा फायदा छोटा नाही. चारही कोपऱ्यांना इलास्टिकच्या पट्ट्या मात्र शिवून घ्या, नाहीतर काथ्याच्या गादीवरून तो रोज रात्री पायथ्याकडे सरकेल.

खड्डा इंचाच्या पुढे निघाला तर मग माझा हिशेब असा : आधी सुतार, मग साधी कडक नवी गादी, काथ्याची किंवा कापसाची. त्यावर महिनाभर झोपून बघा. तुमचा खांदा तरीही कुरकुरला तर एकच टॉपर घ्या, तीन फुटी, तुमच्या बाजूचा. ह्यांना कदाचित लागणारही नाही. सुतळीची मापं आली की मला कळवा, पलंगाची आणि पेढीची, दोन्ही.